आधी शाळेला सांगा, मग गांधीनगरला

मागच्या पावसाळ्यात बडोद्याच्या जुन्या शहरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सर्वेसाठी गेले होते. टीम आमची, टॅब्लेट आमचे, शासनाधिकाऱ्यांच्या ऑफिसचं परवानगीपत्र फाइलमध्ये, सगळं रीतसर. मोठ्या बेननी (आमच्याकडे मराठी शाळेतसुद्धा बाईंना बेनच म्हणतात) चहा मागवला, पत्र वाचलं, घडी घालून माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमची माणसं तिसऱ्यांदा आलीयेत ने? मग मागच्या दोन वेळी आमच्या मुलांचं काय निघालं ते आधी सांगा, मग मी चौथीचा वर्ग मोकळा करून देते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एका जाडजूड इंग्रजी रिपोर्टमध्ये होतं, त्यात ही शाळा एका कोड नंबरमागे लपलेली होती, आणि कुठला कोड कुठल्या शाळेचा हे सांगणारी फाइल ऑफिसमधल्या एका कॉम्प्युटरवर लॉक करून ठेवलेली. बेन काही रागावल्या नव्हत्या. थोडा वेळ थांबल्या आणि मग मुलं दिलीच त्यांनी, कारण पत्रावर वरच्या साहेबांची सही होती. पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि आता मला वाटतं की माझ्या धंद्यातल्या सगळ्यांनीच त्याचं उत्तर द्यायला पाहिजे.

मी शिक्षण धोरणावर काम करणारी सीनियर रिसर्चर आहे, सतरा वर्षं झाली. म्हणजे नक्की काय करता असं लोक विचारतात, तर किती शाळांत जायचं आणि कुठल्या, ते सॅम्पल ठरवणं, मुलांना काय विचारायचं त्याचं टूल बनवणं, फील्डवर जाणाऱ्या मुलामुलींना ट्रेनिंग देणं, आलेला डेटा साफ करणं, आकडे काढणं, रिपोर्ट लिहिणं आणि मग सरकारी ऑफिसात किंवा पैसे देणाऱ्या संस्थेसमोर पीपीटी दाखवणं. पहिली पाच वर्षं मी रोज शाळेत असायचे, एसटीने छोटा उदेपूर, हालोल, डभोई, कुठेकुठे जायचे, व्हरांड्यात मुलांबरोबर जमिनीवर बसून वाचून घ्यायचे. मग जसजशी वर चढले तसतशी शाळेत जाणं कमी झालं, आता वर्षातून सात-आठ दिवस जाते आणि बाकी वेळ स्क्रीनसमोर. आमच्या क्षेत्रात सीनियर होणं म्हणजे मुलांपासून लांब जाणं असंच झालंय, आणि कुणाला ते खटकतही नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या शाळेतून माहिती घेतली त्या शाळेला, तिच्या शिक्षकांना आणि पालकांना, त्या माहितीतून काय निघालं ते त्यांच्या भाषेत, त्याच शैक्षणिक वर्षात, सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. सरकारच्या, म्हणजे गांधीनगरच्या, आधी आणि फंडिंग देणाऱ्याच्याही आधी. आणि हे कुणाच्या चांगुलपणावर न सोडता परवानगीपत्रातच अट म्हणून लिहिलं पाहिजे.

हे मी बडोद्यात बसून म्हणतेय याला एक खास कारण आहे. जगातल्या शिक्षण संशोधनात आपलं हे गाव फार मोठं नाव आहे आणि गावातच ते फारसं कुणाला माहीत नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्याच्या म्युनिसिपालिटीच्या शाळांमध्ये बालसखी नावाचा प्रयोग झाला. मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचं काम आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञ मंडळींचं मोजमाप. वस्तीतल्याच दहावी-बारावी शिकलेल्या मुली, महिन्याला ५०० ते ७५० रुपयांवर, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायच्या आणि त्यांना मुळाक्षरं, वाचन, बेरीज-वजाबाकी असं पायातलं शिकवायच्या. चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं ठरवलं, काही शाळांत तिसरीला बालसखी, काही शाळांत चौथीला, आणि दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. पहिल्या वर्षी मुलांचे मार्क ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे मार्क सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) वाढले, आकडा बारीक दिसतो पण इतक्या स्वस्तात एवढी वाढ हे त्या वेळी खूप मोठं मानलं गेलं, आणि फायदा सगळ्यात जास्त झाला तो वर्गात मागे बसणाऱ्या मुलांना. बडोद्यात याच काळात कॉम्प्युटरवर गणित शिकवायचाही प्रयोग झाला, त्यात गणिताची वाढ ०.४७ होती. हा पेपर २००७ मध्ये छापून आला, त्यातून 'मुलाच्या पातळीवरून शिकवा' ही पद्धत पुढे आफ्रिकेतल्या देशांपर्यंत गेली, आणि २०१९ मध्ये बॅनर्जी-डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच पेपरमध्ये हेही आहे की प्रयोग संपल्यावर वर्षभराने बरीचशी वाढ विरून गेली, साधारण ०.१ उरली. मला ही गोष्ट नोबेलपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण शिक्षकाला कामाची गोष्ट तीच आहे. दोन तास वेगळं शिकवलं तर मूल वर येतं आणि सोडून दिलं की परत घसरतं, हे आमच्याच गावातल्या मुलांवरून सिद्ध झालंय. मी आजवर बडोद्यातल्या ज्या ज्या शिक्षकांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं. मला स्वतःला हे नोकरीत आल्यावर इंग्रजी पेपर वाचून कळलं, आणि मी लहानपणापासून दांडिया बाजारात राहिलेली. यात मी त्या संशोधकांना दोष देत नाहीये, त्यांचं काम उत्तमच आहे. पण अशा कामाचं ज्ञान शाळेपर्यंत न्यायची वाटच आपण बांधलेली नाही. त्या वेळी तिसरीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून गेलीत, त्यांचीच मुलं आता त्याच शाळांमध्ये असतील, आणि आम्ही परत टॅब्लेट घेऊन दारात उभे.

खरं तर बडोद्याला ही वाट माहीत होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, तेही एक प्रकारचं पायलटच होतं, आधी थोडक्यात करून बघणं. तेरा वर्षं बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला कायदा लावला, मुलं ७ ते १२ आणि मुली ७ ते १० वर्षांच्या, शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल कौन्सिलात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या केंद्रीय कायदेमंडळात, प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यासमोर होतं, बिल १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं ती गोष्ट वेगळी. पण मला महाराजांचं मोठेपण कायद्यापेक्षा नंतर जे केलं त्यात दिसतं. पटावरची संख्या वाढली म्हणून ते थांबले नाहीत. शाळा सुटली की पोरं वाचायला विसरतात हे त्यांच्या लक्षात आलं, मग १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, गावोगाव वाचनालयं काढली, लाकडी पेट्यांमधून पुस्तकं फिरवली. १९१२ मध्ये इथून जे ग्रंथालयांचं त्रैमासिक सुरू झालं ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी तिन्हीत निघायचं. आणि १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' नावाचा राज्यकारभाराचा कोश काढला, एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. कारभाराची भाषा लोकांच्या तोंडची असली पाहिजे म्हणून एवढी मेहनत एका संस्थानाने घेतली होती. आज आपल्याकडे कॉम्प्युटर आहेत, भाषांतराची सोय आहे, आणि तरी चौथीच्या बेनना त्यांच्याच वर्गाचा निकाल गुजरातीत किंवा मराठीत एक पान सांगायला जमत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि शिक्षण संशोधनाचं म्हणाल तर तेही याच गावात रुजलेलं. देशभरातले शिक्षणावरचे प्रबंध आणि अभ्यास गोळा करून त्यांचा पहिला मोठा आढावा १९७४ मध्ये एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या शिक्षण केंद्रातून निघाला. कुणी काय शोधलं ते एका जागी मिळावं हाच हेतू होता. मला तो आढावा लायब्ररीत हाताळायला फार आवडायचा. पण तो संशोधकाने संशोधकाला सांगणं होतं, शाळेला सांगायचं काम राहूनच गेलं.

आता कुणी म्हणेल की शाळेला सांगितलं नाही म्हणून काय बिघडलं, धोरण तर वर ठरतं, वरच्यांना कळलं की झालं. मीही बरीच वर्षं असंच मानत होते. पण शाळेत परत न गेल्यामुळे आमचं संशोधनच चुकतं, हे मी माझ्या कामात दोनदा बघितलंय आणि दोन्ही वेळा चूक आमची होती.

पहिली गोष्ट छोटी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी आम्ही एक टूल बनवलं होतं, चित्र बघून शब्द लिहा. एका चित्रात वांगं होतं. मूळ टूल इंग्रजीतलं, त्याचं मराठी ऑफिसात बसून झालेलं, चांगलं पुस्तकी मराठी. बऱ्याच मुलांनी लिहिलं 'रिंगण'. आमच्या फील्डच्या मुलांना सांगितलेलं होतं की उत्तरपत्रिकेत 'वांगं' किंवा 'वांगे' आहे, तेवढंच बरोबर धरा, त्यांनी चूक दिली. 'रिंगण' शब्द मराठीत आहे पण अर्थ वेगळा, त्यामुळे डेटा साफ करणाऱ्याला वाटलं मुलं काहीतरीच लिहितायत, शब्दसंग्रह कच्चा आहे. तसं रिपोर्टमध्ये गेलंसुद्धा. पुढे कधीतरी एका शिक्षकांशी गप्पा मारताना मी हे बोलले तर ते म्हणाले, "अहो ताई, आमची मुलं घरीसुद्धा रिंगणच म्हणतात, आईने रिंगणाचं शाक केलं म्हणतात." वांग्याला गुजरातीत रिंगण म्हणतात. बडोद्यात वाढलेल्या मला हे कळायला नको होतं का? मी ते टूल पास केलं होतं. मुलाने ऐकलेला शब्द बरोबर अक्षरांत लिहिला होता, लिहिता येतं हेच तर आम्हाला बघायचं होतं, आणि आम्ही त्याला शून्य दिलं.

दुसरी गोष्ट मोठी आहे आणि ती मला जास्त टोचते. बडोद्यात बांधकामावर येणारी पुष्कळ कुटुंबं दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूर भागातली आहेत. एका वर्षी आमचं फील्डवर्क मार्चमध्ये आलं, कारण फंडिंगचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्याआधी डेटा पाहिजे होता. कित्येक शाळांत यादीतली मुलं गैरहजर. आम्ही नियमाप्रमाणे बदली मुलं घेतली, गैरहजेरीचा आकडा काढला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की स्थलांतरित कुटुंबांतल्या पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था दिसते. हे वाक्य माझं आहे, मी टाइप केलंय. पुढच्या वर्षी सहज त्यातल्या एका वस्तीत गेले होते, एका आईशी बोलत होते, ती म्हणाली होळीला तर गावी जावंच लागतं, वर्षात तेवढाच एक सण, सगळा भाऊबंद जमतो, मेळा असतो, आणि एकदा गेलं की पंधरा दिवस सहज जातात. पण खरा प्रॉब्लेम जाण्यात नव्हता, परत आल्यावर होता. पंधरा दिवसांत वर्ग पुढे गेलेला, मूल मागच्या बाकावर गप्प बसतं, मग जायलाच नको म्हणतं, आई-बाप साइटवर, समजावणारं कुणी नाही. तिला अनास्था अजिबात नव्हती, तिने माझ्यासमोर मुलाच्या वह्या काढून दाखवल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या होत्या, पत्र्याच्या खोलीत पाणी गळतं म्हणून.

म्हणजे बघा, उपाय काय हवा होता? होळीनंतरच्या दोन आठवड्यांत परत आलेल्या मुलांना रोज तासभर वेगळं घेऊन बसणं, बालसखीसारखं. आणि आम्ही काय सुचवलं होतं? पालक जागृती अभियान. कारण चुकलं की उपाय चुकतो, आणि चुकीच्या उपायावर सरकारचा पैसा जातो, पोस्टर छापले जातात, रॅली निघते. आम्ही रिपोर्ट छापायच्या आधी त्या शाळेत एका दुपारी दहा आयांना बसवून हा आकडा वाचून दाखवला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून पुढे बोर्डी आणि कोसबाडला गेल्या, तिथे वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी कुरणातच शाळा भरवली. आई-बापांना अनास्था आहे असं लिहून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. मी त्यांचं हे वाचलेलं होतं, तरी माझ्या हातून ते वाक्य गेलं, कारण आमच्या कामाच्या पद्धतीत विचारायला परत जाण्याचा टप्पाच नव्हता.

कायद्यालाही हेच हवं आहे, हे फार कमी जण बोलतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. लोकांना त्यातलं खासगी शाळांतलं गरीब मुलांसाठीचं २५ टक्के आरक्षण तेवढं माहीत असतं. पण कलम २१ म्हणतं की सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती (एसएमसी) असली पाहिजे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. आणि कलम २२ म्हणतं की सरकारी शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. आता आराखडा कशावरून करणार? शाळेतली किती मुलं वाचू शकतात, कुठल्या महिन्यात हजेरी पडते, कुठल्या वर्गात मुलं अडकतात, हे हातात नसेल तर एसएमसीच्या मीटिंगमध्ये नळ, संडास आणि कंपाउंड वॉल एवढंच बोललं जातं. ते विषयही महत्त्वाचे आहेत, पण डोळ्यांना दिसतात तेवढेच ते विषय आहेत. वाचता न येणं डोळ्यांना दिसत नाही, ते दाखवावं लागतं, आणि दाखवायची माहिती आम्ही घेऊन जातो.

वरच्या बाजूला मात्र माहितीचा पूर आहे. चाचण्यांचे मार्क ॲपवर, हजेरी ऑनलाइन, गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्रात (शाळांच्या डेटावर लक्ष ठेवणारं सरकारी केंद्र) मोठमोठ्या स्क्रीन, यूडायसचे, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीचे, फॉर्म वेगळे. हे सगळं भरतं कोण तर शिक्षक, आणि देशात २०२४-२५ मध्येही एक लाखाहून जास्त शाळा अशा होत्या जिथे एकच शिक्षक होता, तो शिकवणार कधी आणि भरणार कधी. मी आकड्यांच्या विरोधात नाही, आकडे माझं पोट आहे आणि ते नसतील तर गरिबाच्या मुलाची अवस्था कुणाला कळणारही नाही. पण आकडा खालून वर गेला आणि खाली परत आला नाही की तो तपासलाच जात नाही. यूडायसचंच बघा, २०२१-२२ पर्यंत शाळा एकूण संख्या भरायच्या, देशाची पटसंख्या २६ कोटींच्या वर होती. मग एकेका मुलाची नावानिशी नोंद सुरू झाली आणि २०२३-२४ चा आकडा आला २४.८० कोटी. पद्धत बदलली म्हणून दोन्ही आकडे सरळ तुलना करण्यासारखे नाहीत हे मंत्रालयानेच सांगितलं. पण एकच मूल सरकारी शाळेच्या पटावर आणि खासगी शाळेच्या वर्गात, असं असायचं हे गावातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत होतं, पालकांना माहीत होतं. शाळेची यादी एसएमसीत वाचून दाखवायची पद्धत असती तर ही गोष्ट कितीतरी आधी आपोआप बाहेर आली असती.

पालकांना आकडे कळत नाहीत, असं ऑफिसांमध्ये सर्रास बोललं जातं. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेचं काम बघितलेलं कुणी असं म्हणणार नाही. २००५ पासून स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरी जातात, एका कागदावर अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट, मुलाला घरच्यांसमोर वाचायला देतात. शेजारीपाजारी गोळा होतात. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही तिलाही मुलगा अडकला हे ऐकून कळतं. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के, हा आकडा पेपरात येतो, पण त्याची ताकद त्या कागदात आहे जो कुणीही उचलून आपल्या मुलासमोर धरू शकतो. आम्ही मात्र आमची टूल्स कपाटात ठेवतो.

गुप्ततेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. शाळेचं नाव बाहेर आलं की शिक्षकाला नोटीस येते, ही भीती शिक्षकांच्या मनात आहे आणि ती उगाच नाही. गुजरातमध्ये २००९ पासून गुणोत्सव, म्हणजे शाळांचं सरकारी मूल्यमापन, झाला, शाळांना ग्रेड मिळाल्या, आणि ग्रेडमुळे शिक्षक काय शिकले तर ग्रेड कशी सांभाळायची. ज्याला शिक्षेची भीती आहे तो खरं दाखवणार नाही. म्हणूनच मी म्हणते की शाळेचा निकाल फक्त शाळेला द्या, तिच्या शिक्षकांना आणि एसएमसीला. दुसऱ्या शाळेशी तुलना नाही, नंबर नाही, ग्रेड नाही. वर पाठवायचा रिपोर्ट जसा नावाशिवाय जातो तसाच जाऊ दे. एका मुलाचं नावही त्यात नको. एखाद्या इयत्तेत दहा-बाराच मुलं असतील तर आकडे देऊच नका, बसून तोंडी बोला. हे सगळं करता येतं, आम्ही याहून किचकट गोष्टी रोज करतो.

प्रयोग चालू असताना सांगितलं तर प्रयोग बिघडतो, हेही बरोबर, तर मग संपल्यावर सांगा, पण सांगा. पैशाचं कारण मला पटत नाही. सर्वेच्या बजेटमध्ये प्रवासाची ओळ असते, टॅब्लेटची, ट्रेनिंगच्या जेवणाची, डेटा साफ करायची, शेवटी एखाद्या हॉटेलात रिपोर्टच्या प्रकाशनाचीसुद्धा असते. परत जायची ओळ नसते. तो हॉटेलचा खर्च काढला तर बऱ्याच शाळांत परत जाता येईल. आणि कंत्राटात जे लिहिलेलं असतं की पैसे देणाऱ्याच्या मंजुरीशिवाय निकाल कुणाला सांगायचा नाही, ते कलम तर बदललंच पाहिजे. मुलाने एक तास दिला, शिक्षकाने वर्ग थांबवला, आणि निकालावर हक्क फक्त पैसे देणाऱ्याचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनला लिहिलं होतं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, खालच्यांकडे परत काही येत नाही. मला आमच्या कामाकडे बघताना हे सारखं आठवतं. शाळेच्या वेळातून मिळालेल्या माहितीवर आमचे पेपर छापले जातात, प्रमोशन होतात, माझंही झालं.

बडोद्यापुरतं हे सुरू करायला कायदा बदलायची गरज नाही. महापालिकेच्या शाळा चालवणाऱ्या नगर प्राथमिक शिक्षण समितीचं परवानगीपत्र मिळाल्याशिवाय कुठल्याही संस्थेला शाळेत पाय ठेवता येत नाही. त्या पत्रात एक ओळ वाढवायची, की काम संपल्यावर तीन महिन्यांच्या आत शाळेला तिच्या माध्यमाच्या भाषेत एक पान द्यावं आणि एसएमसीच्या मीटिंगमध्ये येऊन वाचून दाखवावं, नाहीतर पुढची परवानगी नाही. गुजराती शाळेला गुजरातीत, मराठी शाळेला मराठीत, हिंदी शाळेला हिंदीत. एका ओळीचं काम आहे. मी तशी अर्जाची प्रत तयार केलीय आणि ओळखीच्या चार-पाच संस्थांतल्या सहकाऱ्यांच्या सह्या घेतल्यात, दोघांनी नाही म्हटलं, त्यांच्या अडचणी मला कळतात.

दरम्यान आमच्या टीमने स्वतःपुरतं सुरू केलं. टूलमधलं वांगं ठेवलं, पण 'रिंगण'ही बरोबर धरतो. होळीच्या आधीचा आणि नंतरचा पंधरवडा फील्डवर्कमधून काढला, त्यासाठी फंडिंगवाल्यांशी बरंच भांडावं लागलं. आणि दिवाळीनंतर त्या मोठ्या बेनच्या शाळेत परत गेले, तिन्ही वेळचा निकाल एका पानावर, मराठीत, मोठ्या टायपात, सोबत फुलं-फळांची चित्रं वगैरे काही नाही. एसएमसीच्या मीटिंगला अकरा जणी आल्या होत्या. मी वाचून दाखवलं की चौथीतल्या किती मुलांना उतारा वाचता येतो आणि किती शब्दावर अडकतात, आणि पहिल्या वेळेपासून काय बदललं. कुणी काही बोलेना. मग मागे बसलेल्या एका आईने विचारलं, "यात माझा मुलगा कुठे आहे?" मी सांगितलं की एकेका मुलाचं नाव आम्ही ठेवत नाही. तिने माझ्याकडचं पान मागून घेतलं, दाराशी खेळत असलेल्या मुलाला आत बोलावलं आणि पान त्याच्या हातात दिलं, म्हणाली वाच. तो पहिल्या दोन ओळी नीट वाचून गेला, 'इयत्ता' वाचलं, 'चौथीतील' वाचलं आणि 'विद्यार्थ्यांपैकी' वर थांबला. बाकीच्या आया पुढे सरकल्या. मोठ्या बेननी त्याच्या शेजारी बसून शब्दाखाली पेन्सिल धरली.